साडेतीन लाखांचा डिझायनर लेहंगा : या किमतीत नेमके काय येते?

काठपदर (ठाणे)

माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न येत्या हिवाळ्यात आहे. विधींच्या वेळी आजीची पैठणी नेसायची हे तिने पूर्वीच ठरवले आहे, त्यामुळे प्रश्न फक्त संध्याकाळच्या स्वागत समारंभाचा आहे. काळा घोडा परिसरातील एका नामांकित डिझायनरच्या दालनात तिला एक लेहंगा मनापासून आवडला. त्याची किंमत सर्व कर धरून ३,५४,००० रुपये आहे. पुढच्याच आठवड्यात आम्ही दादरला गेलो असता, तोच रंग, जवळपास तीच वेलबुट्टी आणि तसाच घेर असलेला लेहंगा आम्हाला ४५,००० रुपयांना दाखवण्यात आला. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली, तर आमच्या घरात कोणालाही फरक सांगता आला नाही.

पैसे आहेत, पण ते सहज बाजूला काढता येतील असे नाहीत. बहिणीने स्वतःच्या पगारातून साठवलेली रक्कम यात जाणार आहे. बाबांचे म्हणणे असे की, ही सगळी नावाची किंमत आहे. बहिणीचे म्हणणे असे की, हातात घेतल्यावर तो कपडा वेगळा आहे हे तिला कळले, मात्र काय वेगळे आहे ते तिला शब्दांत सांगता येत नाही. मला दोघांचेही पटते आणि म्हणूनच येथे विचारत आहे. तीन लाखांच्या वरच्या या किमतीत कापड किती, हाताचे काम किती, बेतणी किती आणि नाव किती, हे सामान्य ग्राहकाला ओळखता येते का? पुढे विकायचा झाल्यास त्याचे काही मूल्य उरते का? ‘ज्याची त्याची आवड’ हे उत्तर खरे असले तरी त्याचा आम्हाला उपयोग नाही, म्हणून ज्यांना या व्यवसायाची आतून माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

खाका (मुंबई)

आमच्या घरात दोन पिढ्या जरीकामाचा कारखाना होता आणि मी आजही याच व्यवसायात आहे, तेव्हा हाताच्या कामाबद्दल अधिकाराने लिहू शकतो.

आधी कराचे पाहू, कारण तो भाग सर्वांत सोपा आहे. सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांवरील तयार कपड्यांना १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे आपल्या ३,५४,००० मधील ५४,००० रुपये सरकारजमा होतात आणि खरा प्रश्न तीन लाखांचा उरतो.

आता काम. नक्षी प्रथम कागदावर काढतात, त्या रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडतात, आणि हा खाका कापडावर ठेवून रॉकेलमध्ये कालवलेली पूड त्यावरून फिरवली की नक्षी कापडावर उतरते. मग कापड लाकडी अड्ड्यावर, म्हणजे चौकटीवर, ताणले जाते आणि कारागीर त्याच्या दोन्ही बाजूंना बसतात. आरीचे काम, म्हणजे टोकाला आकडी असलेल्या सुईने भरलेली साखळी, त्यातल्या त्यात लवकर होते. दबका, नक्शी, सलमा या धातूच्या तारांचे जरदोजी काम मात्र फार सावकाश चालते, कारण तारेचा प्रत्येक तुकडा मापाने कापून, सुईत ओवून, कापडावर एकेक बसवावा लागतो. आमच्याकडे हा हिशेब नफरीवर चालतो. एक नफरी म्हणजे एका कारागिराचा एक दिवस. समजा एका लेहंग्याच्या घेरावर, चोळीवर आणि ओढणीवर मिळून दीडशे नफरी गेल्या आणि नफरीचा दर नऊशे रुपये धरला, तर केवळ मजुरी १,३५,००० रुपये होते. त्यात रेशीम, जर, अस्तर, शिवण आणि कारखान्याचा खर्च अजून आलेला नाही. असे काम खरोखर त्या कपड्यावर असेल, तर तीन लाख ही किंमत मला अवाजवी वाटत नाही, उलट ती रास्त आहे असे मी म्हणेन.

पण ‘असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. एकाच वेळी अनेक सुयांनी भरतकाम करणारी संगणकीय यंत्रे आता तीच वेलबुट्टी काही तासांत भरून देतात आणि छायाचित्रात ती हाताच्या कामासारखीच दिसते. म्हणूनच आपल्या घरच्यांना छायाचित्रांत फरक दिसला नाही. फरक उलट्या बाजूला असतो. अस्तर जिथे मोकळे असेल तिथून, किंवा ओढणीच्या मागच्या बाजूने पाहा. यंत्राच्या कामात मागे खालच्या धाग्याचे एकसारखे जाळे असते आणि बहुधा ताठ कागदासारखा थर चिकटलेला असतो. आरीच्या कामात वर साखळी आणि खाली सरळ रेघ दिसते. हाताच्या जरदोजीत गाठी असतात, टाके किंचित कमीजास्त असतात, आणि दोन बुट्ट्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. या परीक्षेत जर काळा घोड्याच्या कपड्याचे कामही यंत्राचे निघाले, तर बाबांचे म्हणणे बरोबर आहे असे समजावे.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. पॅरिस आणि मिलानच्या अनेक बड्या घराण्यांचे भरतकाम कित्येक वर्षांपासून मुंबईत होते. ३० मार्च २०२३ रोजी दिओर या फ्रेंच घराण्याने गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह सादर केला, तेव्हा मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेचे नाव जगासमोर उघडपणे घेतले गेले. त्याआधी कितीतरी काळ हे काम निनावीच होत होते, कारण कपड्याची शेवटची मोठी प्रक्रिया ज्या देशात होते त्या देशाचे नाव चिठ्ठीवर लावता येते. त्यामुळे परदेशी नाव पाहून ‘तिकडचे काम’ म्हणून जास्त पैसे मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की तो टाका कदाचित आपल्याच शहरातल्या अड्ड्यावर घातला गेला असेल.

जमाखर्च (पुणे)

खाका यांनी मजुरीची बाजू उत्तम मांडली आहे. मी हिशेब तपासणीच्या व्यवसायात असल्याने दुसरी बाजू मांडतो, आणि ती मला अधिक निर्णायक वाटते.

आपल्याकडील बहुतेक डिझायनरांचे हिशेब जनतेसमोर येत नाहीत, परंतु युरोपातील मोठ्या समूहांचे येतात. दिओर ज्याच्या मालकीचे आहे त्या एलव्हीएमएच या समूहाचा २०२४ सालचा अहवाल पाहिला, तर एकूण विक्री ८४.७ अब्ज युरो आणि ढोबळ नफा सुमारे ६७ टक्के आहे. याचा अर्थ असा की, विकल्या गेलेल्या १०० युरोंपैकी वस्तू तयार करण्याचा किंवा मिळवण्याचा खर्च साधारण ३३ युरो. उरलेल्यातून मोक्याची दुकाने, जाहिराती, पगार आणि नफा निघतो. या समूहात मद्य, सुगंधी द्रव्ये आणि किरकोळ विक्रीची दुकानेही येतात हे खरे. पण केवळ वस्त्रे आणि चामडी वस्तू यांचा विभाग घेतला, तर ४१ अब्ज युरोंच्या विक्रीवर त्यांचा परिचालन नफा, म्हणजे दुकाने, जाहिराती, पगार वगैरे खर्च वजा जाता उरणारा नफा, १५ अब्जांच्या वर, म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास जातो. हर्मेस या दुसऱ्या फ्रेंच घराण्याचा त्याच वर्षीचा आकडा तर ४० टक्क्यांहून अधिक आहे. वस्त्रे बनवणाऱ्या सामान्य कारखान्याला इतका नफा कधीच मिळत नाही. तो वस्तूवर मिळत नसून नावाच्या दुर्मीळतेवर मिळतो.

यातील टोकाचे उदाहरण मिलानच्या न्यायालयासमोर आले. जून २०२४ मध्ये दिओरच्या तेथील एका उत्पादन कंपनीवर न्यायालयाने प्रशासक नेमला, कारण तिच्या ठेकेदारांच्या कारखान्यांत कामगारांची पिळवणूक होत असताना तिने पुरेशी देखरेख ठेवली नव्हती. तपासाच्या कागदपत्रांनुसार, दुकानात सुमारे २६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या एका बॅगेच्या जुळणीसाठी ठेकेदाराला ५३ युरो दिले जात होते. हा आकडा सांगताना लोक दोन गोष्टी वगळतात, म्हणून त्या मुद्दाम लिहितो. या ५३ युरोंत चामड्याची किंमत नव्हती, आणि कंपनीने सुधारणा केल्यामुळे ते प्रशासन २०२५च्या सुरुवातीला मुदतीआधीच उठवण्यात आले. तरीही चामडे, आरेखन आणि वाहतूक उदार हाताने धरली, तरी किमतीचा मोठा भाग ते हात आणि ती वस्तू यांच्यापर्यंत पोहोचत नव्हता, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडेही नावाला स्वतंत्र किंमत आहेच. जानेवारी २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या वस्त्रकंपनीने सब्यसाची या नाममुद्रेत ५१ टक्के वाटा ३९८ कोटी रुपयांना घेण्याचे जाहीर केले. एवढी रक्कम कोणी शिवणयंत्रांसाठी आणि अड्ड्यांसाठी मोजत नाही.

पुनर्विक्रीबद्दल आपण विचारले आहे, म्हणून स्पष्ट लिहितो : लेहंगा ही गुंतवणूक नाही. हर्मेसच्या बर्किनसारख्या मोजक्या बॅगा वापरूनही किंमत टिकवतात, आणि जिच्या नावावरून ही बॅग ओळखली जाते त्या अभिनेत्री जेन बर्किन यांची मूळ बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली. पण या अपवादांवरून लग्नाच्या कपड्याचा अंदाज बांधू नये. तो विशिष्ट मापाचा असतो, त्याची नक्षी जुनी होते, आणि घेणाऱ्यांना नवाच हवा असतो. खर्च करायचा तर तो पूर्ण खर्च आहे असे धरूनच करावा. माझे मत विचाराल, तर बहिणीच्या साठवणुकीतून मी हा खर्च करू देणार नाही.

उरेब (नाशिक)

वरील दोन्ही उत्तरे वाचून मला असे वाटले, की डिझायनर या व्यक्तीचे स्वतःचे काम कोणीच हिशेबात धरलेले नाही. एकाने कारागिराची मजुरी मोजली, दुसऱ्याने नावाचा नफा मोजला. पण कपडा बेतणे हीसुद्धा एक विद्या आहे. मी अनेक वर्षे बेतणी आणि शिवण शिकवते, त्यामुळे हा मुद्दा मला सोडून देता येत नाही.

फ्रेंच डिझायनर मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात पॅरिसमध्ये संपूर्ण पोशाख उरेब कापडात, म्हणजे उभ्या-आडव्या धाग्यांना तिरपे कापून, बेतण्याची पद्धत परिपूर्ण केली. उरेब कापले की विणलेल्या कापडाला ताण येतो, ते अंगाबरोबर वळते आणि टक्सशिवायही अंगाला बसते. मात्र त्यासाठी कापड जास्त लागते, आणि घेर एका बाजूला ओघळू नये म्हणून शिवणाऱ्याला फार सांभाळावे लागते. त्या पोशाखात महागडे भरतकाम नसले, तरी त्याची किंमत खोटी ठरत नाही.

याहून बोलके उदाहरण जपानी डिझायनर इस्सी मियाके यांचे आहे. त्यांनी १९८८च्या सुमारास चुण्यांवर काम सुरू केले आणि १९९३ मध्ये ‘प्लीट्स प्लीज’ ही नाममुद्रा आणली. नेहमीची रीत अशी, की आधी कापडाला चुण्या घालायच्या आणि मग कपडा शिवायचा. त्यांनी हा क्रम उलटा केला. कपडा अंतिम मापाच्या अडीच ते तीन पट मोठा कापून शिवायचा आणि मग कागदाच्या थरांमध्ये ठेवून उष्ण दाबयंत्रातून काढायचा. कापड साधे पॉलिएस्टर. भरतकाम अजिबात नाही. पण तो कपडा यंत्रात धुता येतो, इस्त्री लागत नाही, गुंडाळून पिशवीत ठेवता येतो आणि शरीर थोडे बदलले तरी चालतो. नफरीच्या हिशेबाने या कपड्याची किंमत समजावता येणार नाही, तरीही ज्यांनी तो दहा-दहा वर्षे वापरला आहे त्यांना ती वाजवी वाटते, आणि मलाही वाटते. विचाराला मोल असते, आणि ते कापड व मजुरी यांच्या बेरजेत मावत नाही.

आता आपल्या लेहंग्याकडे येते. आपल्या बहिणीला हातात घेतल्यावर जो फरक जाणवला आणि सांगता आला नाही, तो बहुधा बेतणीत आहे. तिला पुन्हा दालनात जायला सांगा आणि लेहंगा अंगावर घालून चालायला, बसायला आणि दोन्ही हात वर करायला सांगा. चांगल्या बेतणीच्या चोळीचा मुंढा हात वर केल्यावर संपूर्ण चोळी वर ओढत नाही. कळ्यांच्या घेरात वजन कमरेवर सर्व बाजूंनी सारखे पडते, अन्यथा जड भरतकामाचा लेहंगा दोन तासांत पुढच्या बाजूला खाली येतो आणि वधू संध्याकाळभर तो सावरत राहते. शिवणी उलट्या बाजूने पाहा : कडा झाकलेल्या आहेत का, अस्तर मुख्य कापडापासून वेगळे मोकळे लोंबते की उगाच ओढले जाते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आत माया, म्हणजे शिवणीच्या आतले जादा कापड, किती सोडली आहे. ज्या चोळीत दोन्ही बाजूंना भरपूर माया आहे ती पुढची पंधरा वर्षे कमीजास्त करून वापरता येते. जिच्यात नाही ती एका संध्याकाळीपुरतीच शिवलेली आहे, मग तिच्यावर कोणाचेही नाव असो.

काठपदर (ठाणे)

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिल्याबद्दल आभार. शनिवारी आम्ही पुन्हा दोन्ही ठिकाणी गेलो होतो. दादरच्या लेहंग्याच्या ओढणीमागे खाका यांनी सांगितल्याप्रमाणे ताठ कागदी थर होता आणि चोळीत माया जवळजवळ नव्हती. काळा घोड्याच्या लेहंग्याच्या घेरावर मागे गाठी आणि कमीजास्त टाके स्पष्ट दिसले, बसणीही अतिशय चांगली होती. मात्र ओढणीची संपूर्ण किनार यंत्राची निघाली. तेथील विक्रेत्या बाईंना आम्ही नम्रपणे विचारले की यावर किती दिवसांचे काम आहे आणि ते कोठे झाले, तर त्यांना ते सांगता आले नाही. बहिणीचा कल अजूनही घेण्याकडे आहे.

पायताण (कोल्हापूर)

विक्रेत्यांना उत्तर देता आले नाही, हीच या धाग्यातील सर्वांत महत्त्वाची माहिती आहे असे मला वाटते. त्यासाठी आमच्याकडचा अनुभव लिहितो.

जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या पुरुष वेशभूषा सप्ताहात ज्या चपला दाखवल्या, त्या पाहून कोल्हापुरात प्रत्येकाने त्या आपल्या म्हणून ओळखल्या. तेव्हा कोल्हापूरचे नाव कोठेही नव्हते. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन आहे आणि ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचे मिळून आहे. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिल्यावर कंपनीने या चपलांमागील प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. पुढे डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला आणि सुमारे ८०० युरोंना विकायचे २,००० जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घेण्याचे जाहीर झाले.

बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेले चामडे, हाताने कापलेला तळ, चामड्याच्याच वादीने घातलेली शिवण, वेणी आणि कान, ही सगळी कारागिरी आठशे युरोंच्या जोडात आहे आणि आमच्या बाजारातल्या हजार-दोन हजारांच्या चांगल्या जोडातही आहे. त्यामुळे जमाखर्च यांच्याप्रमाणे मीही आधी याला केवळ नावाची किंमत म्हणालो असतो. परंतु माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या कारागिरांचे दुखणे किंमत जास्त लागण्याचे कधीच नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या किंमत कमी लागली, म्हणून मुले हा धंदा सोडून गेली. एखाद्या नावामुळे त्याच कामाला पन्नास पट दाम मिळणार असेल, तर मला त्या नावाचा राग येत नाही. मी एवढेच विचारतो, की त्या वाढीव दामातले बनवणाऱ्याकडे किती आले आणि त्याचे नाव त्या वस्तूसोबत गेले का. येवल्याच्या विणकराकडून थेट पैठणी घेताना आपण महिनोन्‌महिन्यांचे विणकाम विकत घेतो आणि समोर बसलेल्या माणसाला पैसे देतो, म्हणून ती किंमत कोणाला खटकत नाही. साडेतीन लाख मागणाऱ्या दालनाने हे काम कोणी केले एवढे तरी सांगितले पाहिजे.

जमाखर्च (पुणे)

पायताण यांचा मुद्दा मान्य आहे, एका पुरवणीसह. ग्राहकाने जास्त दिले म्हणजे कारागिराला आपोआप जास्त मिळते, असे होत नाही. त्यासाठी करारात ते लिहिलेले असावे लागते. म्हणूनच कोल्हापूरच्या करारात प्रत्येक जोडामागे कारागिराला काय मिळाले, हा आकडा मला विक्रीच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटेल.

खाका (मुंबई)

काठपदर, यंत्राच्या किनारीबद्दल लिहिलेत ते बरे झाले. घेरावर हाताचे काम आणि ओढणीवर यंत्राचे, ही आता सर्रास चालणारी पद्धत आहे. त्यात फसवणूक असतेच असे नाही, पण संपूर्ण कपड्याला हाताच्या कामाची किंमत लावली असेल तर ती कमी करून मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

बहिणीचा कल पक्का असेल, तर माझ्या मते दोन मार्ग आहेत. पहिला, त्याच दालनातून फक्त लेहंगा आणि चोळी घ्यावी आणि ओढणीची किंमत वगळायला सांगावी. अनेक ठिकाणी हे मान्य करतात, आणि ओढणी म्हणून साधी रेशमी घेतली तरी घेराचे काम अधिक उठून दिसेल. दुसरा मार्ग, भरतकामाच्या कारखान्याकडून थेट काम करून घ्यावे आणि उरेब यांच्यासारख्या जाणकार व्यक्तीकडून बेतून शिवून घ्यावे. त्यात दालनाचे भाडे आणि नावाचा भाग वाचतो. मात्र नक्षी ठरवणे, रंगांचे नमुने पाहणे आणि दोनदा तरी माप देणे यासाठी चार महिने हातात ठेवावे लागतील. लग्न हिवाळ्यात असल्याने हा निर्णय या महिन्यातच घ्यावा, कारण दिवाळीनंतर मुंबईतला एकही चांगला अड्डा रिकामा मिळत नाही. कामाला सुरुवात करण्याआधी वीतभर कापडावर नमुना भरून घ्यावा, त्यावर किती नफरी लागतील हे लिहून घ्यावे, आणि अर्धे काम झाल्यावर एकदा कारखान्यात जाऊन अड्ड्यावर बसलेल्या कारागिरांना भेटून यावे.